सेकंदाला दोनशे चाळीस

नाही, मला एक सांगा, स्क्रीनला इतके मोठे पाय लागतातच कशाला? खोक्यातून काढला तेव्हा स्क्रीन आधी दिसलाच नाही, आधी दिसले ते पाय... असे फाकलेले, की टेबलावर ठेवला तर पुढचा पाय कीबोर्डवर आणि मागचा भिंतीत! आणि आमचं टेबल काही लहान नाही हो, लोरेन माहेरी गेलेली असताना मी त्या टेबलावर बोटीच्या इंजिनाचा अख्खा पंप खोलून बसलेलो आहे, तो मावला, आणि हा मावेना. शेवटी टेबल भिंतीपासून पुढे ओढलं, मग खुर्ची मागे गेली, मग खुर्चीमागचं कपाट उघडेना, आणि त्या कपाटात लोरेनची इस्त्री. म्हणजे घरात स्क्रीन आला आणि घरातली इस्त्री बंद झाली. आपलं काही म्हणणं नाही. सुरकुतलेल्या शर्टानं माणूस मरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, नेव्ह, अरे बासष्टीला आलास, जन्म बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला, तुला गेम खेळायचा स्क्रीन हवाच कशाला? तर तुम्हाला सांगतो, ते सगळं शेडमुळे झालं. आम्ही जेराल्डटनचे, आणि आमच्या मेन्स शेडला तुम्ही आला नसाल तर तुमच्या गावातली आठवा, सगळ्या सारख्याच... निवृत्त झालेला नवरा दिवसभर पायात पायात येऊ नये म्हणून बायकांनी त्याला नेऊन ठेवायची जागा. मंगळवारी लाकूडकाम, बुधवारी गवत कापायची यंत्रं उघडायची आणि ती परत बंद न होण्याची कारणं शोधायची, आणि गुरुवारी कॉम्प्युटर. कुणीतरी कधीतरी म्हातारपणी डोकं तल्लख राहावं म्हणून एक गेम आणला, पाच जण विरुद्ध पाच जण, एकमेकांना गोळ्या घालायच्या. डोकं तल्लख राहिलं की नाही देव जाणे, पण आता किनाऱ्यावरच्या प्रत्येक शेडची टीम आहे, आणि बनबरीच्या शेडचं नाव काढलं की आमच्यातली भली माणसं दातओठ खातात.

आमचा कप्तान क्लाइव्ह. हा आयुष्यभर क्रेफिश, म्हणजे आमची शेवंडं, पकडणाऱ्या बोटीचा कप्तान होता, त्यामुळे टीमही बोटीसारखी चालवतो. पाच जण बोटीवर, सहावा धक्क्यावर. आणि सहावा म्हणजे काय, तर एरवी सगळे आपापल्या घरून खेळतात, पण मोठा सामना शेडमध्ये जमून असतो, त्या दिवशी शेडच्या बाहेर उभं राहून बार्बेक्यूवर सॉसेज भाजायचे! बाहेर म्हणजे बाहेर हो. आमच्याकडचा दुपारचा वारा तुम्हाला माहीत आहे, झाडं त्याच्यापुढे वाकून जमिनीला टेकलीत, माणसाची काय कथा. आत टाळ्या ऐकू येतात आणि आपण हातात चिमटा घेऊन जाळ झाकत उभे. मी टीममध्ये पाचवा होतो. पाचवा आणि सहावा यांच्यामध्ये फक्त एक दार आहे, पण ते दार फार मोठं आहे.

आणि मी हरायला लागलो. सरळ सांगतो. त्या गेममध्ये एक हिरवं दार आहे, मी तिथं गेलो की मेलो. कुणी मारलं, कुठून मारलं, काही पत्ता नाही. आता आमच्याकडे हरलेल्या माणसाला म्हणायला एक हक्काचं वाक्य आहे, की सर्व्हर सिडनीला आहे, गोळी इथून निघून तिकडे पोचेपर्यंत समोरचा चहा पिऊन येतो. खरंच आहे ते! आम्ही पश्चिम किनाऱ्यावर, सिडनी पूर्वेच्या, अख्खा देश मध्ये पडलाय. पण हे वाक्य क्लाइव्हसमोर चालत नाही, कारण तो माझ्या शेजारच्या गल्लीत राहतो, त्याचीही गोळी तिथूनच निघते आणि नेमकी लागते. मग मी म्हटलं, स्क्रीन जुना आहे. ते ऐकून लोरेन म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. बायको असं म्हणाली की माणसानं गप्प बसावं. मी नवं अंगण विकत आणलं.

तेव्हा सहावं कोण होतं ते सांगायचं राहिलं. सहाव्या होत्या बेव्हबाई. मेन्स शेडमध्ये बाई कशी, हा प्रश्न आम्हालाही पडला होता, पण विचारणार कोण? बेव्हबाई आमच्या शाळेच्या ग्रंथालयात होत्या. मी चौदा वर्षांचा असताना ज्या आवाजात 'श्श' म्हणायच्या त्याच आवाजात आजही म्हणतात, आणि क्लाइव्ह, ज्यानं वादळातून बोटी परत आणल्यात, तो वाक्य अर्धं सोडून गप्प बसतो. तर त्या एके गुरुवारी आल्या, बसल्या, आणि राहिल्या. खेळतात उत्तम. तेही कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातून आणलेल्या चौकोनी स्क्रीनवर! पण सॉसेज... सॉसेज म्हणजे कोळसा. आणि 'बेव्हबाई, जळलंय' म्हणायची कुणाची छाती आहे? सगळे गुपचूप सॉस ओतून खायचे. एकदा क्लाइव्ह माझ्याकडे बघून सहज म्हणाला, "नेव्ह, तू सॉसेज मात्र फार छान भाजतोस हं." मी बायकोला सांगितलं, तर ती म्हणते, कौतुकच केलं ना? तिला काय कळणार! क्लाइव्ह मला दाराबाहेर उभा करून बघत होता.

म्हणून स्क्रीन. आमची लेक टेगन पर्थला दात काढणाऱ्या डॉक्टरकडे कामाला असते, पण रात्री गेम खेळते, म्हणजे ती या विषयातली, तिनं फोनवर समजावलं. की बाबा, साधा स्क्रीन सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, हा दोनशे चाळीस वेळा बदलतो. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, शत्रू तुला लवकर दिसेल. मी म्हटलं, मग पाचशे वेळा बदलणारा नाही का? आहे म्हणाली, पण तुझे डोळे तेवढे नाहीत. आमच्या घरातल्या बायका बोलतात त्या अशा. आपलं काही म्हणणं नाही.

मग आला तो. तुम्हाला सांगतो, अशी वस्तू घरी आणायची म्हणजे नुसता गेम बघून चालत नाही, घरात ती नांदली पाहिजे. मी अगदी तटस्थपणे सगळं तपासलं. पायांचं सांगितलंच. मागच्या बाजूला एक लाल दिवा आहे, तो भिंतीवर उजेड पाडतो. का पाडतो, हे कंपनीलाच ठाऊक. आमच्याकडे आलेल्या शेजारणीनं विचारलं, तुमच्याकडे ओव्हन नवीन घेतला का? बरं, खिडकी पश्चिमेला, दुपारी ऊन आलं की स्क्रीनमध्ये शत्रू दिसतच नाही, मी दिसतो, आणि माझ्यामागे कपडे वाळत घातलेले दिसतात. एकदा मी बराच वेळ लोरेनच्या झग्यावर नेम धरून होतो. मग पडदे ओढले, मग घरात अंधार, मग लोरेन अडखळली, मग पडदे अर्धे. अक्षरं मात्र छान दिसतात, वीजबिल इतकं ठळक यापूर्वी मी कधी वाचलं नव्हतं. लोरेननं त्यावर केकची कृती वाचून पाहिली आणि निकाल दिला की वर-खाली सरकवताना बरं वाटतं, पण केक तसाच झाला. आणि बसवताना वायरी? त्या तर विचारूच नका, खोक्यात एक नवी जाडजूड वायर होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद. आता जुनी वायर चांगली चालू असताना नवी वायर फोडणारा माणूस आमच्या शेडमध्ये तरी जन्मलेला नाही. ती आम्ही जपून ठेवतो. माझ्याकडे बिस्किटांचा डबा आहे वायरींचा, त्यात अशा न फोडलेल्या वायरी आहेत की ज्यांची यंत्रं मरून गेली. तिचीही रवानगी त्यात झाली.

आणि फरक? काय सांगू तुम्हाला! पहिल्या दिवशी मी नुसता माउसचा बाण गोल गोल फिरवत बसलो. काय ते फिरणं... मी लोरेनला हाक मारली, ये, बघ, बघ कसा फिरतोय. ती हात पुसत आली, बघितलं, म्हणाली, बाण आहे. मी म्हटलं, अगं पण कसा फिरतोय बघ ना, गुळगुळीत! ती म्हणाली, हो, फिरतोय, आणि गेली. गाढवाला गुळाची चव काय... अर्थात मी हे मनात म्हटलं.

पण रविवारी शेडची मंडळी बघायला आली. म्हणजे येणारच, नवी वस्तू आली की आमच्यातला प्रत्येक जण हात लावून गेल्याशिवाय ती वस्तू आली असं धरतच नाहीत. क्लाइव्ह खुर्चीत बसला, चष्मा वर केला, खाली केला, आणि माउस पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. मग म्हणाला, "समुद्राला पहाटे तेल लावल्यासारखं होतं ना, तसं दिसतंय." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. एक जण म्हणाला, मला तर डोळ्यांचा नंबर उतरल्यासारखं वाटतंय. दुसऱ्यानं सांगितलं की त्याला फरक दारातूनच कळला होता. सगळ्यात शेवटी बेव्हबाई बसल्या. त्यांनी बघितलं. पुन्हा बघितलं. आणि म्हणाल्या, "नेव्हिल, माझ्याकडे दिसतं तसंच दिसतंय रे हे." सगळे एकमेकांकडे बघतायत, आणि क्लाइव्ह अगदी हळू, अगदी आदरानं म्हणतो की बेव्हबाई, वयामुळे होतं असं, मोतीबिंदू तपासून घ्या. बाईंनी पर्स उचलली, म्हणाल्या, असेल बाबा. मला त्यांची जरा कीवच आली. खोटं कशाला सांगू.

आणि मग तुम्हाला सांगतो, मी जिंकायला लागलो! थट्टा नाही. हिरव्या दाराशी जायचो आणि मीच मारायचो. खांदे खाली, श्वास संथ, नेमका नेम... मार्गारेट रिव्हरची शेड हरवली, बसेल्टनची हरवली, आणि एकदा तर टीममधले बाकीचे चौघे मेलेले, मी एकटा उरलेलो, आणि तो डाव मी एकट्यानं काढला. क्लाइव्ह हेडफोनमधून कानात ओरडत होता, डावीकडे, डावीकडे, आणि मी त्याला चक्क म्हणालो, दिसतंय मला, गप्प बस. कप्तानाला! आणि पुढच्या गुरुवारी चहा त्यानं आणून दिला. आता हे तुम्हाला छोटं वाटेल. तुम्ही त्याच्या बोटीवर काम केलेलं नाही. मी दिसेल त्याला स्क्रीनचे गुण सांगत सुटलो, पोस्टात, मासळीच्या दुकानात, दातांच्या डॉक्टरला तर तोंडात अवजार असताना सांगितलं. नाच आणि अंगण यांचा विषय निघाला की मी लोरेनकडे बघून नुसता हसायचो. फार चांगले दिवस होते ते.

मग सुट्टीला टेगन घरी आली. आली, पिशवी टाकली, म्हणाली, बाबा, बघू तुझा स्क्रीन. बसली. माउस हलवला. पुन्हा हलवला. मान तिरकी केली. मला त्या मान तिरकी करण्याची ओळख आहे, लहानपणी मी बांधलेल्या झोपाळ्याकडे ती तशीच बघायची. मग वाकून मागे हात घातला आणि म्हणाली, "बाबा, ही वायर कुठली?"

मी म्हटलं, चांगली वायर आहे, आपल्या जुन्या डीव्हीडी प्लेअरची.

"सोबत आली होती ती कुठे आहे?"

म्हटलं, जपून ठेवलीय.

तिनं आईकडे बघितलं. आई खिडकीबाहेर वाळणाऱ्या कपड्यांकडे बघायला लागली. मग टेगननं मला शांतपणे, रुग्णाला वाईट बातमी सांगावी तसं सांगितलं, की बाबा, या वायरीतून साठच्या वर काही जातच नाही. हा स्क्रीन आला त्या दिवसापासून साठवरच चाललाय. तू अजून दोनशे चाळीस बघितलेलंच नाहीस.

आता बघा. समुद्राला तेल लावल्यासारखं! डोळ्यांचा नंबर उतरला! दारातूनच कळला होता! गावभर सांगून झालेलं, आणि अख्ख्या गावात खरं कोण बोललं होतं, तर बेव्हबाई, ज्यांना आम्ही मोतीबिंदू काढायला पाठवत होतो. मी खुर्चीत बसलो. तेव्हा लोरेन जवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाली, "अरे, म्हणजे इतके दिवस तूच जिंकत होतास की."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तूच जिंकत होतास. तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्याशी पुष्कळ बोलली आहे, त्यातलं हे एक वाक्य मी वेगळं काढून ठेवलं आहे. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. आणि त्या क्षणी मी स्क्रीन होता तसा राहू दिला असता, वायर डब्यात आणि झाकली मूठ सव्वालाखाची, तर आज मी तुम्हाला हे सांगत उभा नसतो. पण साठवर मी एवढा भारी, तर दोनशे चाळीसवर काय होईन? हा विचार आला, आणि माणूस बुडतो तो अशाच विचारानं. मी डबा उघडला, पिशवी फोडली आणि नवी वायर लावली.

दिसलं हो. खरंच दिसलं. आता कळलं फरक कशाला म्हणतात, सगळं कसं पाण्यासारखं वाहत होतं. मी हिरव्या दाराशी गेलो, आणि दारामागून आधी बंदुकीचं टोक आलं, मग हात आला, मग बाही, बाहीवरचं बटण... मी बटणाकडे बघत होतो. किती सुबक बटण! मग टोपी आली, मग त्याचा चेहरा आला, मग त्यानं माझ्याकडे वळून बघितलं, आणि मी मेलो. पूर्वी मी न कळता मरायचो, आता बघत बघत मरायला लागलो. शत्रू लवकर दिसतो, यात शंका नाही. पण माझा हात त्याच्या जुन्या वेळेलाच हलायचा. मधला जो वेळ उरायचा, त्यात करायला काहीच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग जुनी वायर परत लावायची! लावली ना. मी काय मूर्ख आहे? लावली, बसलो, आणि तेच. कारण आता मला माहीत होतं की ती जुनी वायर आहे. डोळ्यांना सांगितलं, डोळ्यांनी ऐकलं. हाताला कोण समजावणार? शेवटी पुन्हा नवी लावली, निदान मरताना चित्र तरी बरं दिसतं. ओळीनं हरलो. मँडुराच्या शेडकडून हरलो, ज्यांच्याकडून हरायचा विचारही कुणी कधी केला नव्हता. बनबरीशी शेवटचा सामना तोंडावर आलेला, तो सगळ्यांनी शेडमध्ये एकत्र बसून खेळायचा, गाव बघायला येणार, आणि माझी ही अवस्था.

क्लाइव्ह घरी आला. घरी आला म्हणजे काय ते मला कळलं. शेडमध्ये तो चारचौघांत शिव्या देतो, ते प्रेम. घरी आला म्हणजे संपलं. बसला, चहा घेतला, वाऱ्याविषयी बोलला, क्रेफिशच्या भावाविषयी बोलला, मग कप खाली ठेवून म्हणाला, "नेव्ह, स्क्रीन नवा आहे. आता काय सांगशील?"

आता याला काय सांगू? वायरीचं सांगू? की बाबा रे, तुला जे तेल लावल्यासारखं दिसलं ते डीव्हीडी प्लेअरच्या वायरीतून दिसलं? सांगितलं असतं तर त्याचं हसं झालं असतं, माझंही झालं असतं, आणि हिरव्या दाराशी मी तरीही मेलोच असतो. मी म्हटलं, काही नाही. काही सांगायचं नाही. तो म्हणाला, बेव्हबाईंना घेतो. मी म्हटलं, घे. मग दारापर्यंत गेला, थांबला, टोपी हातात फिरवली, आणि म्हणाला की बेव्हबाईंचा तो चौकोनी डबा गावासमोर बरा दिसायचा नाही, बनबरीवाले हसतील... तर सामन्यापुरता तुझा स्क्रीन देशील का?

म्हणजे बघा हं. तुम्हाला नीट कळलं ना? टीममधून मला काढलं, आणि माझ्या स्क्रीनला घेतलं. आपलं काही म्हणणं नाही. मी स्वतः तो पायांसकट, नव्या वायरीसकट उचलून, गाडीत घालून, पट्टा बांधून नेला. मला पाठ दुखण्याचा त्रास आहे, पण स्क्रीन टीममध्ये होता, त्याची काळजी घ्यायला हवी.

सामन्याच्या दिवशी शेड भरलेली. बनबरीची मंडळी एकसारखे निळे शर्ट घालून आलेली, इस्त्री केलेले. मी बाहेर चिमटा घेऊन उभा, वारा सुटलेला, एका बाजूचे सॉसेज भाजतायत आणि दुसऱ्या बाजूचे थंड होतायत. सरावाचा एक डाव झाला आणि बेव्हबाई मला आतून हात करतायत. गेलो. त्या खाली वाकून अगदी हळू म्हणाल्या, "नेव्हिल, फार घाई आहे रे याला. सगळं अंगावर धावून येतंय. जरा दमानं घ्यायला सांगता येईल का?"

त्यांना दिसत होता हो फरक. अख्ख्या शेडमध्ये ज्यांना तो नव्हता तेव्हा दिसला नव्हता आणि होता तेव्हा दिसला, अशा त्या एकट्या. मी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग शेडच्या खणातून एक जुनी वायर शोधली, आमच्याकडे तिला काय तोटा, आणि टेबलामागे गुडघ्यांवर बसून नवी काढली, जुनी लावली, नवी गुंडाळून खिशात टाकली. क्लाइव्हनं विचारलं, काय करतोस? म्हटलं, धूळ पुसतोय. बेव्हबाईंनी बाण एकदा गोल फिरवला आणि म्हणाल्या, हां, हे बरं. मी बाहेर गेलो.

आत काय झालं ते मी फक्त ऐकलं. कुणी फारसं बोलत नव्हतं, बाई खेळत असताना कोण बोलणार? मध्येच सगळी शेड एकदम श्वास घ्यायची, मग शांत. मग पुन्हा. मी सॉसेज उलटत होतो, कांदा परतत होतो, कांदा मला चांगला जमतो. आणि मग असा गलका झाला की पत्रा हलला. हिरव्या दाराशी, शेवटच्या डावात, बेव्हबाई एकट्या उरल्या होत्या म्हणे, आणि त्यांनी बनबरीच्या तिघांना एकामागून एक असं झोपवलं की जसं काही पुस्तकं फळीवर परत लावतायत. जिंकलो. म्हणजे, ते जिंकले. म्हणजे... जाऊ दे.

सगळ्यांत आधी क्लाइव्ह बाहेर आला. डोळे ओले होते त्याचे, वाऱ्यानं असतील. माझ्याशेजारी उभा राहिला, एक सॉसेज पावात घेतला, बराच वेळ तो हातात धरून आतल्या गर्दीकडे बघत राहिला. आत सगळे स्क्रीनभोवती जमले होते, काय स्वच्छ चित्र आहे, काय गुळगुळीत आहे, चाललं होतं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "नेव्ह, आज मी कबूल करतो. तू पहिल्यापासून म्हणत होतास ते खरं. माणसावर काही नसतं रे, सगळा फरक स्क्रीनचा."

माझा एक हात खिशात होता, वायरीवर.

मी म्हटलं, कांदा घालू का?